विजेचे गणित आणि आमचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासदाने घरातल्या अनुभवाचे चार शब्द बोलावेत, अशी आपल्याकडे प्रथा आहे. कुणी लोणच्यांवर बोलले, कुणी बाळंतिणीच्या आहारावर बोलले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषय विचारला. मी म्हटले, "वीज." त्या म्हणाल्या, "आकाशातली का हो?" मी म्हटले, "नाही, मीटरमधली." त्यांनी वहीत लिहून घेतले खरे, पण त्यांच्या मनात काय आले ते मी ओळखले. सातवीपर्यंत शिकलेली बाई विजेवर काय बोलणार!

तर ते मी आधीच कबूल करते. मी सातवी पास आहे. पुढची शाळा दूर होती आणि घरात धाकटी भावंडे होती, म्हणून शिक्षण तिथे थांबले. पण गुणाकार-भागाकार चौथीतच येतो, आणि आज मी जे सांगणार आहे त्याला त्याहून अधिक काही लागत नाही. ते मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही, म्हणून आमच्या घरात आठ महिने काय झाले, तेही सांगावयाचे आहे.

आपणांपैकी पुष्कळजणी आमच्या घरी आलेल्या आहेत. खाली आम्ही राहतो, वर धाकटे दीर आणि जाऊ. चुली दोन आहेत, पण विजेचा मीटर एकच, तो मामंजींच्या नावावर. बिल आले की निम्मे-निम्मे करावयाचे, असा त्यांच्या वेळेपासूनचा शिरस्ता. २०२३ च्या दिवाळीत जावेने न्हाणीघरात गीझर बसवला, आणि त्याच सुमारास आमचे बिल फुगू लागले. अडीचशे युनिटांच्या आत येणारे बिल तीनशेच्या वर गेले. आपल्याकडे जास्त युनिट झाले की वरच्या युनिटांचा दरही चढत जातो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ पासून ३०० पर्यंत त्याहून जास्त, आणि ३०० च्या वर आणखी जास्त. म्हणजे युनिट थोडे वाढले तरी रुपये बरेच वाढतात.

गीझर आला आणि बिल वाढले. मला वाटले, यात शोधायचे काय? जानेवारी २०२४ पासून मी फर्मान काढले, की यापुढे बिलाचे तीन भाग करावयाचे, दोन वरच्यांनी द्यावयाचे, एक आम्ही देणार. मी थोरली. जाऊ एवढेच म्हणाली, "बरं अक्का." मार्च महिन्यात तिने गीझर अजिबात लावला नाही. पहाटे उठून गॅसवर पातेले ठेवी आणि मुलाच्या आंघोळीचे पाणी उचलून नेई. मार्चचे बिल आले, ते काही उतरले नव्हते. भगिनींनो, तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडावयास हवा होता. गीझर बंद, तरी बिल तेवढेच, मग वीज जाते कुठे? पण मनात एकदा किल्मिष शिरले की माणूस हिशेब करीत नाही. मी काय बोलले ते शेवटी सांगेन. त्यानंतर आम्हां दोघींत कामापुरतेच बोलणे उरले.

जूनमध्ये माझी लेक दहावीला गेली. स्वयंपाकघरात बसून मोठ्याने पाठ करण्याची तिला सवय आहे. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' म्हणून एक धडा आहे, तो ती घोकत होती. "विद्युतशक्ती बरोबर विभवांतर गुणिले विद्युतधारा." मी पोळ्या लाटत होते. मी म्हटले, "ए, तुझ्या त्या शक्तीच्या गणिताने काकूचा गीझर किती खातो ते निघेल का?" ती म्हणाली, "निघेल. रोज किती वेळ लावते काकू?"

मला सांगता आले नाही. आठ महिने मी ज्यावर भांडत होते, तो प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

मग तिने मला मुळापासून सांगितले. विजेचे तीन शब्द आपल्या कानांवरून रोज जातात. व्होल्ट, अँपिअर आणि वॅट. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, गच्चीवरच्या टाकीच्या उंचीसारखा. आपल्या घरात तो २३० व्होल्ट धरतात. अँपिअर म्हणजे तारेतून किती प्रवाह वाहतो ते, नळाच्या धारेसारखे. आणि या दोहोंचा गुणाकार केला की वॅट मिळतात. वॅट म्हणजे ती वस्तू किती वेगाने काम करते आहे, तिची शक्ती. २३० व्होल्टवर एखाद्या वस्तूतून ४ अँपिअर वाहिले, तर २३० गुणिले ४, म्हणजे ९२० वॅट. साधारण इस्त्रीएवढे झाले. उलट जायचे तर भागाकार. गीझरवर २००० वॅट लिहिलेले असते, त्याला २३० ने भागले की ८.७ अँपिअर येतात.

दाब आणि धार यांचा गुणाकारच का करावयाचा, बेरीज का नाही, असे मी विचारले. तेव्हा तिने कोयनेचे उदाहरण दिले. आपण कऱ्हाडचे लोक, प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसतो. तीच कोयना वर धरणात अडवली आहे, आणि तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने नेऊन पलीकडे कोकणात पोफळीला खाली सोडले आहे. तिथे वीज होते. आता पाणी पुष्कळ असले पण ते हातभर उंचीवरून पडले, तर चक्र काय फिरणार? आणि उंची पुष्कळ असली पण पाणी थेंब-थेंब पडले, तर काय होणार? दोन्ही लागते, आणि एक दुप्पट केले की काम दुप्पट होते. म्हणून गुणाकार. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून शक्ती १९६० मेगावॅट आहे. एक मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट. मी सहज भागून पाहिले. सगळी यंत्रे एकदम पूर्ण जोराने चालली, तर तेवढ्या विजेवर २००० वॅटचे ९ लाख ८० हजार गीझर एका वेळी चालतील, त्याहून एक जास्त नाही. एवढा डोंगर पोखरला, आणि हिशेब गीझरांत मोजता येतो.

ही नावे माणसांची आहेत, हेही मला तेव्हाच कळले. व्होल्ट हे इटलीच्या व्होल्टाचे, अँपिअर हे फ्रान्सच्या अँपिअरचे. वॅट हे ज्या जेम्स वॅटचे, तो वाफेच्या यंत्रांचा माणूस. तो १८१९ मध्ये वारला आणि त्याचे नाव विजेच्या मापाला १८८२ साली दिले गेले. बिचाऱ्याने विजेचे बिल कधी पाहिले नाही.

आता वॅट आणि युनिट यांत फरक काय? बहुतेक बायका इथेच चुकतात, मीही इथेच चुकले होते. माझ्या सासूबाई जात्यावर दळत असत, ते मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिलेले आहे. जात्यातून पीठ किती भरभर पडते, ते म्हणजे वॅट. आणि दळण झाल्यावर डब्यात किती पीठ जमले, ते म्हणजे युनिट. धिप्पाड बाई भरभर दळून पाच मिनिटांत उठली, आणि किरकोळ बाई सावकाश दळत दिवसभर बसली, तर डबा कुणाचा भरेल? १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. १०० वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट. वॅटांना तासांनी गुणावयाचे आणि हजाराने भागावयाचे, की झाले. आपले बिल वॅटांवर येत नाही, डब्यातल्या पिठावर येते.

म्हणून लेकीने विचारले होते, किती वेळ?

तो प्रश्न घेऊन तीच वर गेली. आणि जाऊ खाली आली, ती हातात दिनदर्शिका घेऊन. तिने मागच्या बाजूच्या कोऱ्या जागेत एप्रिलपासून रोज गीझर किती मिनिटे चालला ते लिहून ठेवले होते. पंचवीस, तीस, तीस, पस्तीस, वीस. मला तिने ते दाखवले नाही, लेकीच्या हातात दिले. सरासरी ३० मिनिटे निघाली. २००० वॅट, अर्धा तास, म्हणजे रोज एक युनिट. महिन्याचे ३० युनिट. बिल होते सव्वातीनशेच्या वर. मग बाकीचे तीनशे कुणाचे?

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही सगळ्या वस्तू मोजल्या. कसे ते नीट सांगते, कारण हे प्रत्येकीला करता येते. हल्लीच्या मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या अंगावर एक आकडा छापलेला असतो, आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. तुमच्याकडे १६०० किंवा दुसरा काही असेल, तो पाहून घ्यावा. त्याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. आता घरातले सगळे बंद करावयाचे आणि जी वस्तू मोजावयाची ती एकटीच चालू ठेवावयाची. घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावयाचे. ३२०० च्या मीटरवर त्या संख्येला १८.७५ ने गुणले की वस्तूचे वॅट मिळतात. हा आकडा आला कुठून? एका युनिटात १००० वॅट-तास, तासाची ६० मिनिटे, म्हणून ६०००० ला ३२०० ने भागले की १८.७५. तुमचा आकडा १६०० असेल तर ३७.५ ने गुणा.

पंखा लावला, मिनिटात चार लुकलुकी, म्हणजे ७५ वॅट. इस्त्री लावली, त्रेपन्न झाल्या, म्हणजे जवळजवळ १००० वॅट. ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर आम्ही दोन मिनिटे त्या मीटरकडे टक लावून उभ्या, आणि एकदाच लुकलुकले. लेक म्हणाली, बरोबर आहे, सव्वाशे सेकंदांना एकदा येते. आणि आम्ही पोरांवर ओरडतो कशावरून, तर दिवा चालू ठेवला म्हणून! गीझर लावला तेव्हा दिवा एवढा भराभर लुकलुकू लागला, की मोजताना माझी जीभ वळेना. जावेने मोजले, एकशेसात. १८.७५ ने गुणले, २००६ वॅट. कारखान्याने लिहिले होते तेवढेच. जाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाली, "म्हणजे तो जास्त खात नाही. लिहिलंय तेवढंच खातो."

मग पाळी आली आमच्या फ्रीजची. हा फ्रीज मी २००४ साली घेतला. आपल्या मंडळाच्या पापडांचे पैसे साठवून घेतला, माझ्या कमाईची घरातली पहिली मोठी वस्तू. त्याच्यावर मी अजून हाताने विणलेले पांघरूण घालते. मोजल्या, तर मिनिटात आठ लुकलुकी. १५० वॅट. मी सुटकेचा श्वास टाकला. कुठे गीझरचे २००० आणि कुठे माझे १५०! लेक मात्र तिथेच बसून राहिली. मी म्हटले, "आता उठ की." ती म्हणाली, "फ्रीज बंद पडायची वाट बघतेय."

फ्रीज आत पुरेसा गार झाला की आपोआप थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो, हे आपण सर्वजणी ऐकतो. तो घरघरतो आणि थांबतो. आमचा थांबेना. दहा मिनिटे झाली, वीस झाली, चाळीस झाली. लेकीने वहीचा एक कागद दारात धरून दार लावले आणि कागद ओढला, तो अलगद बाहेर आला. दाराचे रबर कडक होऊन चिरले होते. आत गार, बाहेरची उष्ण हवा फटीतून आत, आणि तो बिचारा रात्रंदिवस दळत बसलेला. १५० वॅट गुणिले २४ तास, रोजचे ३.६ युनिट. महिन्याचे १०८. जावेच्या गीझरच्या साडेतीनपट, आणि तो माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पांघरुणाखाली. त्या दिवशी दिव्याखाली अंधार कशाला म्हणतात ते मला कळले.

सगळ्या वस्तू लिहून काढल्या. खालचे २०४ युनिट, वरचे ११५, आणि दोघांच्या पाण्याच्या पंपाचे १०. एकूण ३२९. त्या महिन्याच्या बिलावर ३३६ आले. सात युनिटांचा फरक कोणाच्या तरी मोबाइलच्या चार्जरमध्ये गेला असेल, त्याचा मी पाठलाग केला नाही. पण भाग पाहा. तीनांतले जवळजवळ दोन भाग आमचे आणि एक वरच्यांचा. मी घेत होते ते बरोबर उलटे.

आता मधेच दोन गोष्टी सांगून घेते, कारण त्या मला सभा सुटल्यावर विचारल्या जातीलच.

एक म्हणजे, उन्हाळ्यात संध्याकाळी दाब उतरतो तेव्हा बिल कमी येते असे पुष्कळजणी म्हणतात. गीझरपुरते ते खरे नाही. गीझरमधल्या तारेचा रोध ठरलेला असतो, २३० चा वर्ग करून २००० ने भागला की साधारण साडेसव्वीस ओहम येतो. दाब १८० वर उतरला, की १८० चा वर्ग भागिले साडेसव्वीस, म्हणजे शक्ती सव्वाबाराशे वॅटच्या आसपास उरते. दाब पाव हिश्शाहून कमीच उतरला, पण शक्ती सहा आणे तरी गेली म्हणा ना. मात्र पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सुमारे अर्धे युनिट लागतेच. ते सोळा मिनिटांत तापायचे ते पंचवीस मिनिटांत तापेल एवढेच. डबा तेवढाच भरतो, जाते सावकाश फिरते.

दुसरी गोष्ट पंपाची. आमच्या वायरमनमामांनी त्यांचे चिमट्यासारखे यंत्र पंपाच्या तारेला लावले, तर ४ अँपिअर दाखवले. २३० गुणिले ४, म्हणजे ९२० वॅट व्हावयास हवेत. पण मीटरच्या लुकलुकीवरून ६५० च येत होते. मी म्हटले, गणित फसले! मामा म्हणाले, "फसलं नाही वहिनी, मोटारीला पॉवर फॅक्टर असतो." आपल्याकडे येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावे खाते. गीझर, इस्त्री, शेगडी यांत दाब आणि प्रवाह बरोबरीने हेलकावतात. मोटारीत प्रवाह थोडा मागे राहतो. तुम्ही पाळण्याला झोका देता, तो पाळणा पुढे निघालेला असताना दिला तर सगळा जोर कामी येतो. वेळ चुकली आणि तो मागे येत असताना हात लावला, तर हात दुखतो, पाळणा चालत नाही. पंपाच्या तारेतून ४ अँपिअर खरेच जातात, पण त्यांतला काही जोर असा अवेळी लागतो. ६५० ला ९२० ने भागले की ०.७ येते, तोच पॉवर फॅक्टर. घरच्या बिलाला खऱ्या वॅटांचा हिशेब लागतो. मात्र तार निवडताना ४ अँपिअरच धरावे लागतात, कारण तार तापते ती प्रवाहाने.

तार तापते, यावरून संक्रांतीची गोष्ट निघते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या दालनाच्या मागच्या खोलीत जळका वास सुटला होता, आठवते ना? कुणी म्हणाले तिळाची पोळी करपली. ती करपली नव्हती. एका एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन शेगडी आणि पाण्याची किटली अशा दोन वस्तू एकदम लावल्या होत्या, आणि त्या लावणारी मीच. रविवारचा सगळा हिशेब पाठ असूनही मीच. शेगडी २००० वॅट, किटली १५००, मिळून ३५००. भागिले २३०, म्हणजे १५.२ अँपिअर. बोर्ड होता ६ अँपिअरचा, बारीक तारेचा. शेगडीचा जाड पिनेचा प्लग त्यात जाईना, म्हणून मी मधे जोड लावला होता. जाड पीन बारीक भोकात जात नाही ती मुद्दाम केलेली आहे, हे तेव्हा सुचले नाही.

तुम्ही म्हणाल, मग मेनचे बटण का पडले नाही? त्याच्यावर १६ आकडा आहे आणि आपण १५.२ वर होतो. ते बटण भिंतीतल्या जाड तारेचे राखणदार आहे. बाहेर लोंबणाऱ्या बारीक तारेशी त्याला कर्तव्य नाही. जेम्स ज्यूल नावाचा इंग्रज होता, घरचा धंदा बीअरच्या भट्टीचा. त्याने १८४१ साली दाखवून दिले, की तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. ६ च्या ठिकाणी १५.२ अँपिअर, म्हणजे अडीचपट प्रवाह, आणि उष्णता सहापटीहून जास्त. त्यात पीन सैल असेल तर पाहायलाच नको. सैल पिनेत अर्धा ओहम जरी रोध आला, तरी १५.२ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ११५ वॅट. शंभराचा जुना बल्ब पेटलेला असताना त्याला हात लावून पाहिला असेल, त्याहून जास्त उष्णता त्या दोन बोटांएवढ्या जागेत. त्या दिवशी ज्या सभासदभगिनीने धावत जाऊन मेन बंद केले, त्यांचे आभार राहून गेले होते, ते आज मानते. जळालेला प्लग मी आणला आहे, चहाच्या वेळी टेबलावर ठेवीन, पाहून घ्यावा. मागच्या खोलीसाठी १६ अँपिअरचे दोन स्वतंत्र पॉइंट भिंतीतून घ्यावेत, असा माझा ठराव आहे. त्याचा खर्च किती ते मी विचारून ठेवले आहे, चिटणीसबाईंकडे चिठ्ठी दिली आहे.

आता मार्चमधले ते बोलणे.

ते मी याच दालनात बोलले होते. पापड लाटायला आपण बसलो होतो. कुणीतरी बिलांचा विषय काढला आणि मी म्हटले, "आमच्या जाऊबाई गीझर बंद आहे म्हणतात, पण रात्री चोरून लावत असतील." दहा-बाराजणी होत्या. काहीजणी हसल्या, त्यांचा दोष नाही, मी हसण्यासारखेच बोलले होते. जाऊ तेव्हा मागे पिठाच्या गोळ्या करीत होती. तिने ऐकले. तिने गोळ्या पूर्ण केल्या, हात धुतले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून ती दिनदर्शिका सुरू झाली.

ऑगस्टचा हिशेब झाला त्याच रात्री मी आठ महिन्यांचा फरक काढला, तो ७२०० रुपये झाला. पाकिटात घालून वर गेले. मला वाटत होते, ती नको म्हणेल. तिने पाकीट घेतले, नोटा मोजल्या आणि म्हणाली, "बरोबर आहेत, अक्का." मग थोडे थांबून म्हणाली, "फ्रीजचं रबर मिळतं. उद्या मी येते दुकानात." दुसऱ्या दिवशी दोघी गेलो. रबर बसले, फ्रीज आता घरघरतो आणि थांबतो. पुढच्या महिन्याचे बिल २६५ युनिटांचे आले. वरच्या मजल्याला आम्ही आपला खाजगी सबमीटर बसवून घेतला आहे, दर महिन्याच्या एक तारखेला दोघी मिळून आकडा टिपतो.

पैसे घरात घेतले होते, ते घरात परत केले. पण शब्द चारचौघींत गेला होता, तो घरात परत करता येत नाही. म्हणून चिटणीसबाईंना मी आपण होऊन म्हटले की यंदा मला बोलू द्या. माझी जाऊ तिसऱ्या ओळीत बसली आहे. तिने काहीही चोरून लावले नव्हते. मी खोटे बोलले होते, आणि पापडाच्या दिवशी ज्या इथे होत्या त्यांनी हे ऐकावे, एवढ्यासाठी मी उभी राहिले.

ज्यांना आपल्या घरचे मीटर मोजून पाहावयाचे असेल, त्यांनी गुरुवारी दुपारी तीन वाजता बिल घेऊन आमच्याकडे यावे. मिनिटाला शंभराच्या वर लुकलुकणारी वस्तू असेल तर मोजायला जाऊबाई बसतील. माझी जीभ अजून वळत नाही, मी बटणे बंद करीन.